करंजाची निळी चादर

मेव्हण्याने मला थोबाडीत मारली ती मानाने मारली. "दाजी, जरा इकडं बघा," असं म्हणाला. मी बघितलं. मग डाव्या कानाखाली असा जाळ झाला की समोरच्या फळीवरचे कच्चे गणपती मला दोन-दोन सोंडांचे दिसायला लागले. आमच्याकडे बहिणीच्या नवऱ्याचा मान राखतात. त्याने तो शेवटपर्यंत राखला. पोटात गुडघा घालताना "तुम्ही" म्हणाला, शर्टाची कॉलर फाडताना "अहो" म्हणाला, आणि मी जमिनीवर आडवा झाल्यावर "उठा, दाजी, असे खाली नका बसू," असंही म्हणाला. मी उठलो नाही. उठल्यावर काय होणार याचा अंदाज मला तोवर आला होता.

मी पेणला गणपतीच्या कारखान्यात डोळ्यांची आखणी करतो. म्हणजे सगळी मूर्ती दुसऱ्यांनी करायची आणि शेवटी मी येऊन बुबुळं काढायची, आणि लोक म्हणणार, काय सुंदर मूर्ती! इतकं सोपं नाव मिळवण्याची सवय असलेला माणूस दुसऱ्याच्या कामावर हात मारायला फार लवकर तयार होतो. माझा मेव्हणा रोह्याला शाळेत चित्रकला शिकवतो. आधी कबड्डी खेळायचा, कोपऱ्यात उभा राहून घोटा पकडायचा. त्याच्या वर्गात पोरं शिस्तीत चित्रं काढतात, यात चित्रकलेचा वाटा किती आणि घोट्याचा किती, ते मला सांगता येणार नाही.

त्याला निळ्या छापाचं वेड लागलं. दोन रसायनं पाण्यात कालवायची, अंधारात कागदावर किंवा कापडावर तो हिरवट-पिवळा लेप द्यायचा, वाळला की वर पान ठेवायचं आणि उन्हात धरायचं. नंतर साध्या पाण्यात धुवायचं. जिथे ऊन लागलं तिथे गडद निळं होतं आणि पानाची जागा पांढरी राहते. खाडीकडच्या खारफुटीची पानं, नेचे, गवताचे तुरे, कोलाडच्या वाटेवरचं रानहळदीचं पान, सगळ्यांच्या सावल्या त्याने निळ्यात पकडल्या. पकडण्याची त्याला सवयच होती. मग ते छाप तो माझ्याकडे पेणला पाठवायचा आणि मी त्यावर माझं काही करायचो: शाडूची माती, सुतळी, सोनेरी वर्ख, मिठागरातल्या मिठाचे खडे.

आमचा एकच नियम होता. काम दुसऱ्याच्या हातात गेलं की पहिल्याने तोंड घालायचं नाही आणि दुसऱ्याने विचारायचं नाही. हा नियम दोन शांत माणसांनी केला असता तर बरं झालं असतं. मी त्याच्या नेच्यावर जिताडा माशाचे खवले चिकटवले तेव्हा त्याने फोन भिंतीवर फेकला, स्वतःचाच. त्याने माझी शाडूची पाटी भिजवून तिचा चिखल केला तेव्हा मी त्याच्या स्कूटरच्या सीटवर डिंक ओतला. बायको म्हणायची, "दोघं मिळून चित्रं काढता की चित्रांच्या निमित्तानं एकमेकांचा जीव काढता?" पण त्या भांडणांतून चांगली कामं निघत होती. निदान आम्हाला तसं वाटत होतं.

रोह्याजवळ वरशाला माझ्या सासरच्या जागेत करंजाचं झाड होतं. जागा चुलत सासऱ्यांच्या वाट्याला गेली, त्यांनी ती बिल्डरला दिली, आणि झाड तोडायचं ठरलं. त्यात बेकायदा काही नव्हतं, म्हणून आमच्या हातात काही नव्हतं. मेव्हणा आणि माझी बायको त्याच झाडाखाली वाढले. तिचा पुढचा दात त्याच्या मुळावर आपटून तुटला. त्याने पहिली मारामारी त्याच झाडाखाली केली, तीही तिच्याशीच. झाड वाचणार नाही हे कळल्यावर मेव्हणा म्हणाला, "मग मी त्याचा छाप घेणार. अख्ख्या शेंड्याचा. पानन्‌पान यायला पाहिजे."

त्याने दोन डबल चादरी शिवून जोडल्या, बाथरूमची खिडकी बंद करून त्यावर लेप दिला. तोडायच्या दिवशी चादर झाडाखाली अंथरली आणि वरून काळी ताडपत्री टाकली. बेत असा की शेंड्याची मोठी फांदी दोराने खाली सोडायची, ती टेकायच्या क्षणी मी ताडपत्री ओढायची. म्हणजे अख्ख्या बेतातलं एक काम माझ्याकडे. दोर ओढायला चारजण, करवत चालवायला एक, आणि ताडपत्रीला मी.

मशीनच्या करवतीचा आवाज ज्याने आपल्या झाडापाशी ऐकला नसेल त्याला तो सांगून कळणार नाही. झाड ओरडतंय असं म्हणतात. तसं काही नसतं. झाड गप्प असतं, म्हणूनच ते ऐकवत नाही. भुसा तोंडावर येत होता. वरून कावळ्याचं घरटं काड्यांसकट खाली आलं. फांदी कडाडली, दोर एका बाजूने सुटला आणि ती खाली यायच्या ऐवजी आडवी फिरली. माझ्या डोक्यावरून गेली आणि मेव्हण्याच्या पाठीत बसली. तो तोंडावर आपटला. आपटलेल्या जागेवरून ओरडला, "ओढा! दाजी, ओढा!"

मी ओढली. तोवर पहिली टोकं ताडपत्रीवर टेकली होती, त्यामुळे मी फांदीसकट ओढत होतो. कशीबशी निघाली. फांदी चादरीवर पसरली, ऊन लागलं, आणि तेवढ्यात त्या फांदीवर राहणाऱ्या लाल मुंग्यांना कळलं की आपलं घर पडलंय. त्या आमच्या अंगावर आल्या. मानेत, बनियनमध्ये, पापण्यांवर. छाप उमटेपर्यंत फांदी हलवायची नव्हती, आणि दोर धरणाऱ्यांपैकी कोणी चादरीवर पाय देऊ नये म्हणून आम्हाला तिथून हलायचं नव्हतं. मेव्हण्याच्या पाठीतून शर्टावर रक्त येत होतं आणि तो कवायतीला उभा राहावा तसा उभा होता. मी मात्र नाचत होतो. तोडायला आलेल्यांतला एकजण म्हणाला, "मास्तर, ह्यांना देव येतो का?"

विहिरीवर चादर धुतली. पिवळं पाणी वाहून गेलं आणि खालून निळं आलं. त्या निळ्यात करंज उभा होता, पांढरा, एकेका पानाच्या देठासकट. दोन ठिकाणी शेंगासुद्धा आल्या होत्या. ओली चादर आम्ही दोघांनी चार हातांनी धरली.  

घरी बायकोने चादर पाहिली. एका जाड फांदीवर बोट ठेवून म्हणाली, "ही झोक्याची." मग आत जाऊन तिने भांडी इतक्या जोरात घासली की कढईचा कान निघाला.

आणि मेव्हण्याने ती चादर माझ्या हातात दिली. नियम म्हणजे नियम. "दाजी, आता तुमचा हात," म्हणाला. देताना त्याने ती जरा जास्त वेळ धरून ठेवली. मला तेव्हाच ती परत द्यायला हवी होती.

चादर कारखान्याच्या मागच्या भिंतीवर टांगली आणि मी दोन महिने रोज तिच्याकडे बघत बसलो. तिला कशाची गरज नव्हती. हे मला कळत होतं. पण गरज नसलेल्या ठिकाणी मी काहीच केलं नाही तर माझं नाव कुठे येणार? मला आठवलं, त्या करंजावर संध्याकाळी बगळे बसायचे. ठरलं. खालच्या डाव्या बाजूला, फांद्यांमधल्या निळ्यात, बगळे.

बाजारातला पांढरा रंग लावून बघितला कागदावर. प्लास्टिकच्या बादलीसारखा चमकत होता. मला मऊ पांढरा हवा होता, जुन्या भिंतीवरचा. मग मी कळीचा चुना विरवला, त्यात डिंक घातला, आणि बगळे काढले. काय बगळे आले! एक मान मुरडून, एक पंख झटकून, एक माझ्याकडे कौतुकाने बघत. मी मागे सरून कमरेवर हात ठेवले आणि कारखान्यातल्या पोरींना बोलावलं. त्या म्हणाल्या, "छान हाय." मग त्यातली एक म्हणाली, "पण काका, त्यांना कावीळ झाली का?"

बगळ्यांच्या कडेने निळं पिवळं पडत चाललं होतं. आधी बारीक कड, मग बोटभर, मग ओल जिथे जिथे पसरली तिथे तिथे. चुना तो निळा रंग खात होता. आणि निळंच गेलं की पांढऱ्या पानांना धरणार कोण? पानं एकेक करून पिवळ्यात विरघळत होती. झोक्याची फांदी माझ्यासमोर गेली.

माणसाने अशा वेळी हात मागे बांधून बसावं. मी चादर उतरवली, अंगणातल्या नळाखाली धरली आणि ब्रशने खसाखसा घासली. बगळे गेले. पाणी पिवळसर वाहत होतं आणि मी मनात म्हणत होतो, विष निघतंय, निघू दे. अगदी स्वच्छ होईपर्यंत घासली. झाडाचा खालचा डावा भाग पुसलेल्या फळ्यासारखा झाला.

मग मी मेव्हण्याला फोन केला. मी म्हणालो, "जरासा डाग पडलाय." तो म्हणाला, "कसला?" मी म्हणालो, "चुन्याचा." तो म्हणाला, "हात लावू नका. पाण्याचा थेंब लावू नका. लिंबू घेऊन येतो. आंबट लागलं की निळं परत येतं. फक्त धुऊ नका."

मी म्हणालो, "बरं."

तो शाळा टाकून गाडीत बसला. कासू स्टेशन गेल्यावर मला फोन, "सुकलंय ना?" मी म्हणालो, "सुकतंय." खोटं नव्हतं ते. चादर दोरीवर निथळत होती.

पिशवीभर लिंबं घेऊन तो कारखान्यात शिरला. चादर पाहिली. पाठीमागून मला त्याचा चेहरा दिसत नव्हता, फक्त मान दिसत होती, आणि ती मान हळूहळू लाल होत गेली.

"धुतलीत?"

"जरा..."

"चुन्यानं नव्हती मेली ती, दाजी. जिवंत होती. तुम्ही धुतलीत."

मग, "दाजी, जरा इकडं बघा."

पुढचं सांगितलंच आहे. थोडं राहिलं. मी जमिनीवरून त्याच्या पोटरीला चावलो. हे मला शोभणारं नव्हतं, पण तोंडासमोर तेवढंच होतं. त्याने माझा घोटा पकडला, जुन्या सवयीने, आणि मला फरफटत ओढलं. मी फळीचा खांब धरला. फळी हलली. कारखान्यातल्या पोरी किंचाळत मूर्त्या धरायला धावल्या, आम्हाला कुणी धरलं नाही. लिंबं सगळीकडे पसरली होती. त्यातल्या एकावर त्याचा पाय पडला, तो माझ्यावर पडला आणि माझ्या बरगडीत काहीतरी कट्‌कन वाजलं. मी त्याच्या नाकावर डोकं मारलं. रक्त दोघांचं होतं, कुणाचं कुठलं ते कळत नव्हतं. तो रडत होता. रडत रडत मारत होता, आणि तेच जास्त लागत होतं.

माझी बायको आली ती पाण्याचा पाइप घेऊन. पाणी सोडायला नव्हे, मारायला. पहिला फटका भावाला, दुसरा मला, मग सरसकट.

"झाड काय तुझ्या एकट्याचं होतं रे? आणि तुमचं बोडक्याचं कौतुक! मला इचारलंत कुणी? छाप घेताना इचारलंत? बगळे काढताना इचारलंत?"

आम्ही दोघं भिंतीला टेकून बसलो. तिला धाप लागली होती. ती चादरीपाशी गेली, पुसलेल्या भागावर तळहात ठेवला आणि म्हणाली, "बुंध्याला फुटवे आलेत. काकींनी सांगितलं. उद्या जेसीबी लावून बुंधा उपटणार हायत."

मेव्हण्याने नाकावरचा हात काढला. "ह्या एवढ्या भागावर परत लेप देता येतो," तो म्हणाला. आणि माझ्याकडे न बघता, "चुन्याचा अंश राहिला नसेल तर."

"नसेल," मी म्हणालो, "मी अगदी स्वच्छ..." बायकोने पाइप उचलला, मी थांबलो.

त्याने चादर लिंबाच्या पाण्यातून काढली, वाळवली, तेवढ्याच भागावर नवा लेप देऊन काळ्या कापडात गुंडाळून आणली. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तिघं वरशाला जागेवर गेलो. माझी बरगडी पट्ट्यात, डावा डोळा बंद. त्याचं नाक वांग्यासारखं. जेसीबी आधीच आला होता. बुंध्याभोवती कोवळे, तांबूस-हिरवे फुटवे उभे होते, गुडघ्याएवढे. मेव्हण्याने चादरीचा निळा भाग पुठ्ठ्यांनी झाकला, लेपाचा भाग बुंध्याच्या कडेला सरकवला आणि बायकोने फुटवे न तोडता वाकवून त्यावर टेकवले, वर काच ठेवली.

सुपरवायझर धावत आला. "काका, काय चाललंय? बाजूला व्हा. मशीन तासावर हाय."

"जरा थांब. ऊन खाऊ दे त्याला."

"कुणाला?"

मेव्हण्याला समजावून सांगण्याची सवय नाही. त्याने सुपरवायझरची कॉलर धरली. सुपरवायझरने त्याच्या नाकावरच मारलं, आदल्या दिवशीच्या जागेवर. मेव्हणा हंबरला. ते दोघं खडीत लोळायला लागले. जेसीबीवाल्याने आपल्या माणसाची बाजू घेतली, म्हणजे मशीन सुरू केलं. पुढचा तो मोठा लोखंडी सुपडा जमिनीवरून सरकत बुंध्याकडे यायला लागला. बायको काचेपुढे आडवी हात पसरून बसली, आणि सरकेना.

मला त्या क्षणी एकच सुचलं. मी पुढे जाऊन त्या सुपड्यात बसलो.

माणूस आत असताना मशीन खाली आपटता येणार नाही, असा माझा हिशोब होता. तो बरोबर होता. ते वर मात्र नेता येतं. जेसीबीवाल्याने दात काढले आणि सुपडा उचलला. जमीन खाली गेली. बरगडीतून कळ आली, मी काठ धरला आणि जमेल तेवढ्या शिव्या दिल्या. वरून मला वरशाच्या नव्या इमारती दिसल्या, गच्चीवरच्या टाक्या दिसल्या, खाली सुपरवायझरच्या छातीवर बसलेला माझा मेव्हणा दिसला. त्याने मान वर केली. मला वाटलं, आता म्हणेल, शाब्बास.

"सावली!" तो ओरडला. "दाजी, सावली पडतेय! मरा तिकडे बाजूला!"

मी खाली बघितलं. ऊन माझ्या पाठीशी होतं. माझी आणि सुपड्याची मिळून एक भलीमोठी सावली चादरीवर, बरोबर काचेवर पडली होती.

मी वाकलो, सरकलो, आडवा झालो. सावली हलली पण जाईना. शेवटी मी उडी मारली. उंची फार नव्हती, पण मोडलेल्या बरगडीला ती पुरेशी होती. खडीच्या ढिगावर पडलो, घरंगळलो आणि सुपरवायझरच्या पायावर थांबलो. तो बिचारा खालून म्हणाला, "तुम्ही समदे एकाच घरातले का?"

त्यानंतर भांडायचं त्राण कुणातच उरलं नाही. जेसीबीवाल्याने मशीन बंद करून तंबाखू मळली. सगळे चादरीकडे बघत बसलो. काचेखाली पानांच्या मधला लेप हिरवटाचा राखाडी झाला, मग गडद. बायको म्हणाली, "झालं." तिने फुटवे हळूच सोडले. ते पुन्हा उभे राहिले.

आम्ही चादर घेऊन विहिरीवर गेलो आणि पाठीमागे मशीन सुरू झालं. बुंधा लवकर निघाला नाही. मुळं जमिनीत तुटायला लागली, एकेक तुटण्याचा आवाज पायाखालून येत होता. मेव्हणा विहिरीकडे तोंड करून उभा राहिला, पण पाण्याकडेही बघेना. डोळे मिटलेले. नाकातून रक्त हनुवटीवर आलेलं.

मी आणि बायकोने चादर विहिरीजवळच्या दगडी दोणीतल्या पाण्यात सोडली. पिवळं निघत गेलं. मधोमध एक फिकट ढग होता, माझ्या आकाराचा, तो तिथे राहणारच होता. पण त्या ढगातही आणि ढगाच्या बाहेरही पानं यायला लागली, कोवळी, जुन्या पानांपेक्षा लहान, टोकाशी निमुळती.

"निघालं का?" त्याने विचारलं.

"निघालं," मी म्हणालो. "सगळी पानं आली."

"तुम्ही नका सांगू, दाजी. ताई, तू बघ."

मागे शेवटचं मोठं मूळ तुटलं आणि बुंधा मातीसकट वर आला. बायकोने तिकडे मान वळवली नाही. तिने चादरीची कड पाण्याबाहेर उचलली, उन्हाकडे धरली, आणि सावकाश, एका पानावरून दुसऱ्या पानावर नजर नेत ती बघत राहिली.

"हायत रे," ती म्हणाली. "ये, बघ."

तो वळला, दोणीपाशी आला आणि चादर धरायला त्याने दोन्ही हात कोपरापर्यंत पाण्यात घातले.